मदत हवी: स्कोप झिरो केला, तरी भावाच्या हाती नेम सरकते

धुरेकरी (यवतमाळ जिल्हा):
रायफलीवरची दुर्बीण, म्हंजे स्कोप, झिरो करू करू (नेम आन छर्रा एका जागी आणू आणू) बेजार झालो. मी मारतो तवा छर्रा बरोबर मधात. त्याच रायफलीनं चुलतभाऊ मारते तर बोटभर उजवीकडे. दुकानदार म्हणते पॅरॅलॅक्स हाय, नवा स्कोप घ्या. हे का भानगड हाय आन बिनपैशानं जाते का? लवकर सांगा, रविवारी पैज हाय.

कापूसकोंड्या:
रायफल कोणती, अंतर किती, स्कोपवर काय लिहिलंय? एवढं तरी सांग ना बे.

धुरेकरी:
एअर रायफल, दुसरी कोणती राहीन? स्कोप 3-9×40. आंगणातून गोठ्यापर्यंत मारतो.

कापूसकोंड्या:
तुझा गोठा आम्ही पाहिला नाही भाऊ.

धुरेकरी:
10 मीटर धरा.

सोयाबीनवाला:
डुकरांसाठी घेतली ना? त्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन पळते. वर 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकशील ते वेगळंच. झटका मशीन लाव. माझ्या हरभऱ्यात लावल्यापासून रोहीसुद्धा (नीलगाय) धुऱ्यावरून परत जाते.

धुरेकरी:
डुकराचं कोणी विचारलं? पुठ्ठ्यावर मारतो.

जुना छर्रेवाला:
पॅरॅलॅक्स वगैरे काही नसते. स्कोप नळीच्या चार-पाच सेंटीमीटर वर बसते, म्हणून जवळून छर्रा खाली लागते. स्कोपवरची टोपी उघडून नेम खालीवर करायचा स्क्रू दोन-चार क्लिक फिरव.

रेंजवरची:
काका, तो उजवीकडे म्हणतोय, खाली नाही. रायफल तीच, बदलला फक्त माणूस. पॅरॅलॅक्सच आहे.
समोरचं भिंग पुठ्ठ्याची प्रतिमा स्कोपच्या आत पाडतं. ती नेमकी क्रॉसच्या (नेम धरायच्या उभ्या-आडव्या रेषांच्या) पातळीत पडली तर डोळा हलला तरी क्रॉस पुठ्ठ्यावर जागचा हलत नाही. पुढेमागे पडली की डोळ्यासोबत क्रॉसही सरकतो. पॅरॅलॅक्स जुळवायची रिंग नसलेले स्कोप कारखान्यातच एका अंतराला जुळवतात, मोठ्या रायफलींचे बहुतेक 100 यार्डांना, म्हणजे 91 मीटरला. तुझा तसा असेल तर हिशेब बघ: 3-9×40 मधला 40 म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास, त्याचा अर्धा 20 मिलीमीटर, त्याला 81 ने (91 वजा तुझे 10) गुण, 91 ने भाग. जास्तीत जास्त चूक 18 मिलीमीटर, तुझं बोटभर. आमच्या 10 मीटरच्या स्पर्धेत अख्खी चकती 45.5 मिलीमीटरची असते!
रायफल रिकामी करून, आत छर्रा न ठेवता, रेतीच्या पोत्यांवर बसव, हात लावू नको, नुसता डोळा डावीउजवीकडे हलवून बघ.

जुना छर्रेवाला:
एवढं गणित कायले? डोळ्याकडची रिंग फिरवली की जाते.

रेंजवरची:
ती रिंग क्रॉस स्वच्छ दिसावा म्हणून असते. पॅरॅलॅक्सची रिंग समोरच्या भिंगावर किंवा बाजूला असते, तीवर अंतराचे आकडे असतात. धुरेकरी, तुझ्याला आहे का?

भंडारा एक्स्प्रेस:
स्कोप काढूनच टाक. स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं ते बिनास्कोपचं.

रेंजवरची:
त्याच्या 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये स्कोप चालतच नाही, पीप साइट असते, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरतात. याच्या पैजेशी त्याचा काय संबंध?

धुरेकरी:
आकडे कुठीच नाही. पोत्यावर ठेवून पाहिलं, क्रॉस लय हलून रायला. मंग आता?

रेंजवरची:
नवा घ्यायची गरज नाही. गाल दरवेळी बटवर एकाच जागी टेकायला हवा. भावाचा गाल नीट टेकत नसेल, त्याच्यासाठी फोमची पट्टी बांध. डोकं जरा मागे घेतलं की कडेला काळी सावली येते, ती चारी बाजूंनी सारखी दिसली म्हणजे डोळा मधोमध. शिवाय समोरच्या भिंगावर मधात 20 मिलीमीटरचं छिद्र पाडलेली पुठ्ठ्याची टोपी लाव, चूक निम्म्यावर येईल.

जुना छर्रेवाला:
त्यापेक्षा समोरचं भिंग सैल करून फिरव. मी केलं आहे.

रेंजवरची:
आतला गॅस जातो, पावसाळ्यात धुकं धरतं, वॉरंटी संपते. तुम्ही केलं असेल, त्याला सांगू नका.

धुरेकरी:
टोपी लावली त अंधारं दिसते.

रेंजवरची:
दिसणारच, उजेड कमी झाला. पैज दुपारीच लावा.

सोयाबीनवाला:
पैज कोणत्या गावात आहे? येतो.