मदत हवी आहे: सापाच्या टाकीखालचा हीटिंग पॅड, थर्मोस्टॅटचा प्रोब नक्की कुठे लावायचा?

मंडळी, जरा घाईत आहे.

आम्ही मिनेसोटात राहतो. लेकीने हट्टाने कॉर्न स्नेक आणलाय, नाव 'कणीस'. (भारतात देशी साप पाळणं गुन्हा आहे, ठाऊक आहे. हा इथलाच, रीतसर घेतलेला. आई मात्र नागपंचमीला फोटो पाठव म्हणते.)

20 गॅलनची काचेची टाकी, एका टोकाला खालून चिकटवलेला पॅड, आत तीन इंच ॲस्पेनचा भुसा. टाकीच्या भिंतीवरचा तापमानाचा काटा कायम 81 फॅरनहाइट दाखवायचा, म्हणून आम्ही निर्धास्त. आज भुसा बदलताना तळाच्या काचेला बोट लागलं आणि चटकन मागे घेतलं. डोशाच्या तव्यासाठी घेतलेली, तापमान मोजायची लेझर गन धरली तर 112! आणि कणीस तर नेहमी तिथेच बीळ करून बसतो. पोट तपासलं, लाली किंवा फोड नाही. पॅडचा प्लग काढलाय.

पण गुरुवारीच त्याने उंदीर खाल्लाय आणि रात्री घर 66 वर येतं. थर्मोस्टॅट (पॅड ठरल्या तापमानावर रोखणारं यंत्र) मागवलाय, सोमवारी येईल. त्याचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) टाकीच्या आत ठेवू की बाहेर? आणि तोवर काय करू?

प्रतिसाद १
आधी आजचं बघा. घरातल्या सर्वांत लहान खोलीत टाकी हलवा आणि ती खोली 78-80 वर ठेवा. पोटात भक्ष्य असताना गारठला तर ओकेल. आणि दोन दिवस त्याला हातात घेऊ नका.

प्रोब बाहेरच, पॅड आणि काच यांच्या मधे. आत ठेवला तर साप तो ढकलतो किंवा त्यावर घाण करतो. प्रोब जागचा हलला की थर्मोस्टॅटला वाटतं गार आहे, मग पॅड तापतच राहतो. माझी चिकटपट्टी एकदा अशीच सुटली होती, तेव्हापासून दर रविवारी ओढून बघतो.

बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा जास्त दिसणार. तेव्हा त्या आकड्यावर जाऊ नका, भुसा बाजूला सारून आतल्या काचेवर गन धरा. 85 ते 88 मिळेपर्यंत सेटिंग थोडं थोडं बदला. पॅडवरचा भुसा इंचभर पुरे, दुसऱ्या टोकाला हवा तेवढा. टाकीला रबरी पाय आहेत ना? खाली हवा खेळली नाही तर काच तडकते.

धागाकर्ता
खूप आभार! बाथरूममध्ये हलवली होती, ओकला नाही. रबरी पाय नव्हते, लावले. थर्मोस्टॅट 92 वर ठेवला तेव्हा आत 87 मिळाले, रात्री दोनदा उठून बघितलं. भिंतीवरचा काटा अजून 80च दाखवतोय. तो काढून लेकीच्या खेळण्यांत टाकला.