आंबा विक्री आणि ग्राहक मेळाव्याचा व्हिडिओ, कॅमेरा घ्यावा का?

बागायत_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. आमची घरची हापूसची बाग आहे, पेट्या थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पाठवतो. गेल्या वर्षी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून बागेचा व्हिडिओ करून घेतला, सहा मिनिटांचा, अर्धा वेळ ड्रोन आणि मागे सिनेमाचं गाणं. टाकल्यावर गाण्यावर कॉपीराइटचा क्लेम आला आणि आवाजच बंद झाला. मे महिन्यात पुण्यात एका कार्यालयात ग्राहकांचा मेळावा घेतला त्याचंही तेच, बाबा वीस मिनिटं बोलले, पन्नास वर्षांचा अनुभव हो, आणि रेकॉर्डिंगमधे नुसता पंख्यांचा घरघराट, शिवाय चित्रावर काळे पट्टे वर-खाली सरकतात. बाबांनी तो व्हिडिओ पूर्ण बघितला आणि काही न बोलता फोन परत दिला, ते मला फार लागलं. यंदा चाळीस हजार बाजूला ठेवलेत. चांगला कॅमेरा घेऊ का परत कुणाला काम देऊ?

शटर_सातारा
दादा कॅमेरा अजिबात घेऊ नका, तुमच्या दोन्ही व्हिडिओत कॅमेऱ्याचा दोष नाहीये. पट्ट्यांचं आधी सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण फोन सेकंदाला ३० फ्रेमवर (म्हणजे ३० चित्रं) आणि शटर ऑटोवर असला की त्याचे पट्टे उमटतात. फोनमधे प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर पक्कं करा, गेले पट्टे. आयफोन असेल तर सेटिंगमधे कॅमेऱ्याखाली पाल फॉरमॅट चालू करा, मग २५ फ्रेमचा पर्याय दिसतो.
आता खरा मुद्दा आवाजाचा. चित्र जरा मळकट असलं तरी लोक बघतात पण शब्द कळले नाहीत की दहा सेकंदात पुढे जातात. पैसे बरे वायरलेस कॉलर माइक घेण्यात घाला. माइक सदऱ्याच्या आत लपवू नका, कापड घासून खरखर येते, बाहेर लावा, दिसला तर दिसू दे. बोलताना आवाजाची लेव्हल मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा म्हणजे बाबा मधेच मोठ्याने हसले तरी आवाज फाटणार नाही. आणि शूट करून घरी येऊन ऐकू नका, तिथल्या तिथे हेडफोन लावून दोन मिनिटं ऐका, ही एक सवय लागली ना की निम्मे घोटाळे जागेवरच सापडतात.

मांडव_आणि_माइक
मी कार्यक्रमांचं व्यवस्थापन करते, मेळाव्यापुरतं सांगते. हॉलमधे मागच्या खुर्चीवरून फोनने आवाज घेतला की पंखे, खुर्च्या, लहान मुलं सगळं येणारच, त्याला इलाज नाही. साउंडवाल्या दादांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की साउंडच्या मिक्सरमधून ऑक्स आउट, म्हणजे आवाज बाहेर घ्यायची वेगळी जोडणी, हवाय, तो छोट्या रेकॉर्डरला जोडा. रेकॉर्डरचं इनपुट लाइनवर ठेवा, माइकवर राहिलं तर सगळं फाटून येतं, आमचा एका सत्काराचा अख्खा कार्यक्रम असा गेलाय आणि ती माणसं काही परत त्या स्टेजवर येणार नव्हती. त्यामुळे दुसरा फोन व्यासपीठाजवळ नुसता आवाजासाठी चालू ठेवतेच. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा, एडिटिंगला चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळतात. बाबांच्या भाषणापुरते व्यासपीठावरचे दोन पंखे बंद करा, कुणी रागावत नाही. वीस मिनिटांचं पूर्ण भाषण जपून ठेवा पण लोकांना त्यातलं एक-दीड मिनिट त्याच संध्याकाळी पाठवा, आठ दिवसांनी तोच व्हिडिओ कोण उघडतो?

पेटीची_वाट_बघणारी
मी शूटिंगमधली नाही, दरवर्षी पेटी मागवणारी आहे. ताई-दादा, मला ड्रोनमधून हिरवी झाडं बघून काय कळणार? सगळ्यांच्याच बागा वरून सारख्या. मला झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा देठासकट कसा उतरवता ते जवळून दाखवा. देठ राहिला की चीक सालीवर उतरत नाही आणि डाग पडत नाहीत, हे मला एका बागवाल्यांनी हातात आंबा घेऊन समजावलं तेव्हापासून मी त्यांच्याकडूनच घेते. खाली अक्षरं पण टाका, ऑफिसात मी आवाज बंद करूनच बघते. आणि फोन उभा धरून काढा. एक अजून, हापूसला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर ते व्हिडिओत जरूर दाखवा, नसेल तर तो लोगो लावू नका, विचारणारे विचारतात.

बागायत_रत्नागिरी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल माइक मागवून आज घरातच करून बघितलं. बाबांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं की ते भाषण सुरू करतात, म्हणून आढीपाशी, गवतात आंबे पिकत ठेवलेत तिथे, बसवलं आणि नुसतं विचारलं, बाबा यातला उद्या कुठला तयार होईल? त्यांनी गवत बाजूला सारलं, एक आंबा उचलून देठापाशी नाक नेलं, म्हणाले हा परवा, आणि दुसरा घेतला, हा उद्या सकाळी, बोटाने दाबून बघायचा नाही, दाबलेला तिथेच काळा पडतो, वासावर ओळखायचा. गवताची सळसळसुद्धा स्वच्छ आलीये. चाळीस सेकंद झाले. बाबांनी तीनदा बघितला.
आता मेळाव्याचं एकच विचारतो, मिक्सरमधून रेकॉर्डरला जोडायला केबल कुठली घेऊ?

मांडव_आणि_माइक
दादा प्रत्येक मिक्सरचं आउटपुट वेगळं असतं, साउंडवाल्यांना मिक्सरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा, तो इथे टाका, मी बघून सांगते. आणि तो आढीचा व्हिडिओ आहे तसाच टाका, त्यात गाणं घालू नका.