मदत हवी आहे : डायलिसिसच्या रुग्णांचे नैराश्य मोजायचे कसे?

नमस्कार. मी सांगलीत डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करीत असून सध्या प्रश्नावलीपाशी अडलो आहे. ‘पीएचक्यू-९’ या नैराश्य मोजणाऱ्या, ९ प्रश्नांच्या, ० ते २७ गुणांच्या चाचणीत थकवा, झोप आणि भूक यांविषयीही विचारले जाते; परंतु मूत्रपिंडे निकामी झाल्यावर रक्तात साठणारी टाकाऊ द्रव्ये आणि रक्तक्षय यांमुळे हीच लक्षणे मन ठीक असतानाही दिसतात, त्यामुळे १० किंवा अधिक, म्हणजे नैराश्याची शक्यता दाखवणारे गुण मिळालेला माणूस खरोखर खचला आहे की नुसता दमला आहे, हे ठरवणे अवघड जाते.

शब्दांची अडचण तर त्याहून मोठी. तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार आठवड्यातून तीनदा, चार-चार तास खाटेवर असतात. ‘उदास वाटते का?’ याला त्यांनी ठाम नकार दिला आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्यांच्या) हातावरची पट्टी चाचपत थोड्या वेळाने म्हणाले, “छाटणी आली, पण बागेकडं जाऊ वाटत नाही बघा.” हे उत्तर कोणत्या रकान्यात भरायचे?

डायलिसिसच्या रुग्णांवर पडताळलेले मराठी भाषांतर कोणी वापरले आहे का? तसेच प्रश्न डायलिसिस चालू असताना विचारावेत की मधल्या दिवशी घरी जाऊन? शेजारच्या खाटेवरचा रुग्ण ऐकत असताना नवव्या, म्हणजे जिवाचे बरेवाईट करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळेल, असे मला वाटत नाही. सातारा-सांगली भागातील मानसोपचारतज्ज्ञांनी आणि विशेषतः डायलिसिस विभागातील परिचारिकांनी आपला अनुभव कळवावा, ही विनंती.