मदत हवी आहे: गल्लीतले सात दिवे पाच आठवडे बंद, तक्रार मात्र दर वेळी "निराकरण झाले"

रानजाई
कृपया लवकर उत्तर द्या. आमच्या गल्लीतले रस्त्यावरचे दिवे पाच आठवडे बंद आहेत. पालिकेच्या अ‍ॅपवर तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा दोन-तीन दिवसांत "तक्रारीचे निराकरण झाले आहे" असा मेसेज आला आणि दिवे होते तसेच. मागच्या गुरुवारी आई भजनाहून घरी येत होती, साडेसात वाजले असतील. मागून मोटारसायकल आली, गळ्याला हिसका बसला आणि आई चराच्या कडेला पडली. मंगळसूत्र गेलं, मनगट मुरगळलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर शेजारच्या काकूंना चिखलात एक वाटी आणि पाच-सहा काळे मणी सापडले, ते त्यांनी रुमालात बांधून आणून दिले. तेव्हापासून आई संध्याकाळी फाटकाबाहेर पाऊल टाकत नाही. भजन बंद, दूध आणायला जाणं बंद.
तक्रार कुठे केली तर कोणी खरंच बघेल? आयुक्तांना थेट मेल करू का? ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा.

दादरकर
आईंना आता बरं आहे ना? अहो, पालिकेच्या मागे कशाला लागता, वीज कंपनीला फोन करा. आमच्याकडे दिवे बेस्ट लावते. वीजबिलावर जो नंबर असतो त्यावर सांगितलं की माणूस येतो. पालिकेचं यात काही नसतं.

जुनावायरमन
दादरकर, मुंबईची गोष्ट वेगळी आहे. मुंबई शहरात रस्त्यावरच्या दिव्यांचं काम बेस्टकडे आणि उपनगरांत तिथल्या वीज कंपनीकडे असतं. बाकी महाराष्ट्रात खांब, दिवे आणि त्यांची केबल पालिकेची, वीज कंपनी फक्त मीटरपर्यंत पुरवठा देते. कायदेही निराळे, मुंबईचा १८८८ चा आणि इतर महापालिकांचा १९४९ चा. १९४९ च्या कायद्याच्या कलम ६३ मध्ये रस्त्यावर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक काम म्हणून लिहिलेलं आहे.
ताई, शहर कुठलं ते सांगा आधी. आणि एक दिवा बंद आहे की ओळीने सगळे?

रानजाई
शहराचं नाव मुद्दाम देत नाही, आईला कॉलनीत सगळे ओळखतात. मुंबई नाही, पण महापालिका आहे. सातच्या सात बंद आहेत, मुख्य रस्त्यावरून आत वळलं की शेवटच्या बंगल्यापर्यंत. पण एक बंद काय नि सात काय, फरक काय पडतो?

जुनावायरमन
फार पडतो. एक बंद असेल तर फिटिंग गेलं, शिडीची गाडी येऊन दहा मिनिटांत बदलून जाते. ओळीने सगळे बंद म्हणजे केबल तुटली आहे किंवा फीडर पिलरमध्ये काहीतरी उडालं आहे. फीडर पिलर म्हणजे रस्त्याच्या कडेला जी लोखंडी पेटी असते ती. ती दोन वेगळ्या माणसांची कामं. "दिवे बंद आहेत" एवढीच तक्रार लिहिली की शिडीवाला येतो, बल्ब बघतो, त्याच्या हातात काही नसतं, तो निघून जातो.
तुम्ही चर म्हणालात. कसला चर?

रानजाई
नळाच्या पाइपसाठी खणला होता, दिवाळीच्या आधी. नीट बुजवलाच नाही. त्याचा काय संबंध? मी दिव्यांबद्दल विचारते आहे.

जुनावायरमन
दिवे बंद कधी झाले आणि चर कधी खणला, ते आईंना विचारा. मी चौतीस वर्षं हेच काम केलं. जेसीबीच्या दातात जमिनीखालची केबल अडकते, ठेकेदार तुटलेली टोकं तशीच मातीत ढकलतो आणि वरून मुरूम ओढतो. आम्ही दिव्यांची तक्रार घेऊन निघालो की आधी ताजी खोदाई कुठे दिसते ते बघायचो.

सातपुडा
माहितीचा अधिकार वापरा. दुसरा उपाय नाही. जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच ठेवा आणि दीडशे शब्दांत बसवा. मागा: तिन्ही तक्रारींवर कोणत्या कर्मचाऱ्याने, कोणत्या तारखेला पाहणी केली, बंद करताना काय शेरा लिहिला आणि फोटो जोडला असल्यास त्याची प्रत. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर प्रथम अपील, वीस रुपये. आमच्या वस्तीत गटाराचं झाकण मी असंच बसवून घेतलं.

अंगणवेल
सातपुडा, तीस दिवस त्या माऊलीने घरात बसून काढायचे का? अर्ज करा म्हणता ते ठीक, पण आज संध्याकाळचं काय? माझ्या मते कॉलनीने वर्गणी काढून सौरदिवे लावावेत. आम्ही आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर चार लावले. हालचाल झाली की उजेड वाढतो. वीजबिल नाही, कोणाच्या पाया पडणं नाही.

सातपुडा
आणि मग पालिका म्हणणार, इथे उजेड आहे, आमची गरज नाही. आपण कर भरायचा आणि दिवेही आपणच लावायचे? या सवयीमुळेच त्यांचं फावतं.

अंगणवेल
तत्त्व बरोबर आहे तुमचं. पण पडलेल्या बाईला तत्त्वाचा उजेड पडत नाही.

कृष्णाकाठ
कोणी खांबावरून वायर ओढून तात्पुरता दिवा लावू नका, हे आधी सांगतो. आमच्या गल्लीत एकाने तसं केलं आणि पावसात खांबात करंट उतरला, गाय मेली. तिथे उद्या मूलही असू शकतं.

जुनावायरमन
अगदी बरोबर. आणि पिलरचं दार उघडं दिसलं तर ते लावायलाही जाऊ नका. फोटो लांबून काढा आणि तक्रारीत "दार उघडे, वायर बाहेर, जीविताला धोका" असे शब्द लिहा. तशी तक्रार कोणी टेबलावर ठेवून देत नाही.

मोगरा७१
वाईट वाटून घेऊ नका, पण संध्याकाळी एकट्या बाईने अंगावर सोनं घालून निघावंच का? मी तर दहा वर्षांपासून बाहेर जाताना खोटंच घालते.

रानजाई
आईने काय घालावं हा प्रश्न मी विचारलेला नाही. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, ते तिच्या गळ्यातलं होतं. बाबा घरात आहेत, त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला महिना झाला नाही. आई पडल्यापासून ते रोज संध्याकाळी खिडकीत बसतात आणि ती अंगणात गेली तरी हाक मारतात. कृपया दिव्यांबद्दल बोला.

मोगरा७१
तुम्हाला दुखवायचं नव्हतं. काळजीपोटी लिहिलं. क्षमस्व.

गोदावरी_वकील
ताई, सगळे दिव्यांवर बोलत आहेत, पण गुन्हा दाखल केला का? तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही.

रानजाई
हो, दुसऱ्या दिवशी आई आणि शेजारचे काका पोलीस चौकीत गेले होते. अर्ज दिला, पोच घेतली.

गोदावरी_वकील
अर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे. त्या कागदावर गुन्हा रजिस्टर नंबर आणि कलमं आहेत का, ते बघा. नसतील तर गुन्हा नोंदवलेलाच नाही. हिसकावून चोरी करण्याला भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, स्वतंत्र कलम आहे, कलम ३०४. हा दखलपात्र गुन्हा आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिताकुमारी प्रकरणात सांगितलं आहे. हद्दीचं कारण देत असतील तरी कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावी लागते. तरीही घेतली नाही, तर सगळा वृत्तांत लिहून वरिष्ठांना टपालाने पाठवा, शहरात आयुक्तालय असेल तर पोलीस उपायुक्तांना.
आणखी एक. एफआयआरमध्ये "घटनास्थळी पथदिवे बंद होते" हे वाक्य आईंच्या जबाबात लिहून घ्या आणि त्याची प्रत पालिकेच्या तक्रारीला जोडा. मोफत प्रत मिळणं हा फिर्यादीचा हक्क आहे.

रानजाई
आत्ता फोनवर विचारलं. पोचेवर फक्त शिक्का आणि तारीख आहे. नंबर नाही. आम्हाला वाटलं होतं झालं काम.

जगूदादा
तिथे भटकी कुत्री आहेत का? अंधार झाला की कुत्री टोळीने बसतात. खरा धोका तो आहे. निर्बीजीकरण नियमित होत नाही म्हणून ही वेळ आली आहे.

अंगणवेल
जगूदादा, २०२३ च्या नियमांप्रमाणे निर्बीजीकरण आणि लस झाली की कुत्र्यांना त्याच भागात परत सोडायचं असतं. आणि कुत्री असती तर मोटारसायकलवाल्याच्या मागे तरी लागली असती.

जगूदादा
माझ्या नातवाला सतरा टाके पडले आहेत. मला नियम सांगू नका.

अंगणवेल
तुमचं दुःख मी कमी लेखत नाही. पण या ताईंचा प्रश्न वेगळा आहे. आपण वेगळ्या धाग्यावर बोलू.

कृष्णाकाठ
रानजाई, नगरसेवकांना सांगितलं का? आमच्याकडे प्रभागात चार नगरसेवक आहेत, प्रत्येक जण म्हणतो "तो भाग त्यांच्याकडे". चौघांनाही एकाच मेसेजमध्ये घेतलं की मग हलतात. आणि कोणी रागाने मालमत्ता कर थांबवा म्हणालं तर ऐकू नका. महिन्याला दोन टक्के शास्ती लागते आणि दिवे तरीही लागत नाहीत. मी करून बसलो आहे.

जुनावायरमन
ताई, मुख्य गोष्ट राहिली. खांबाचे नंबर तक्रारीत लिहिले होते का? आणि तक्रार कुठून केली, तिथे उभं राहून की घरातून?

रानजाई
मी बंगळुरूहून केली. मी इथेच राहते. पत्ता लिहिला होता, "अमुक कॉलनी, गल्ली नं. २". नंबर कशाला हवेत, गल्ली एकच तर आहे!

जुनावायरमन
मग इथेच गाडं अडलं असणार. बरीच अ‍ॅप फोनचं लोकेशन घेतात. ते बंगळुरूचं गेलं असेल नाही तर कॉलनीच्या फाटकावरचं. फाटकावर मुख्य रस्त्याचे दिवे चालू दिसतात, माणूस फोटो काढतो आणि तक्रार बंद करतो. तो खोटं बोलत नसेल, त्याला दुसरेच खांब दिसले असतील. तिथलं कोणी आहे का, जे संध्याकाळी जाऊन प्रत्येक खांबाजवळ फोटो काढेल? छातीच्या उंचीवर रंगाने नंबर घातलेला असतो.

रानजाई
मामेभाऊ आहे. सांगते त्याला.

रानजाई
तो काल बॅटरी घेऊन गेला. पहिल्या तीन खांबांवर नंबर आहेत, क्लासच्या जाहिरातींची पत्रकं खरवडून काढावी लागली, खाली पिवळ्या पट्ट्यावर काळे आकडे निघाले. पुढच्या चार खांबांवर काहीच नाही, रंगसुद्धा वेगळा. आणि काका, तुम्ही म्हणालात तसंच. आई म्हणते चर खणला त्याच रात्रीपासून अंधार आहे. पहिल्या खांबाच्या पायथ्याशी काळी केबल मातीतून वीतभर वर आली आहे, टोकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. भाऊ जवळ गेला नाही, लांबून फोटो काढला.

जुनावायरमन
चांगलं केलं त्याने. आता नवी तक्रार करा, भावाच्या फोनवरून, तिथेच उभं राहून. "खांब क्र. अमुक ते अमुक, भूमिगत केबल खोदाईत तुटलेली, उघडी, जीविताला धोका." क्षेत्रीय कार्यालयाच्या विद्युत विभागात कनिष्ठ अभियंत्याला लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी नको.
पण त्या चार खांबांची मला काळजी वाटते. नंबर नाही, रंग वेगळा, म्हणजे ते पालिकेच्या नोंदीत नसावेत. ही कॉलनी प्लॉट पाडून विकलेली आहे का? आतला रस्ता पालिकेकडे हस्तांतर झाला आहे का?

रानजाई
बाबांनी १९९४ साली प्लॉट घेतला. रस्त्याचं कोणाला माहीत नाही. तीस वर्षं दिवे लागत होते, मग कोणी विचारावं?

रानजाई
आज नववा दिवस. केबलला जोड दिला, पहिले तीन दिवे परवा संध्याकाळी लागले. बाबांनी खिडकीतून बघून मला फोन केला. वकीलताई, एफआयआर झाली, कलम ३०४ लागलं, जबाबात दिव्यांचं वाक्य आहे. आधी "बघू" म्हणत होते, भावाने लेखी नकार मागितला तेव्हा लिहून घेतली. आई काल तिसऱ्या खांबापर्यंत गेली आणि परत आली. आमचं घर त्याच्या पुढे आहे, पाचव्या खांबाशी, म्हणजे ती अंधारातून उजेडात गेली आणि पुन्हा अंधारात आली. अभियंता म्हणाले, उरलेले चार "आमच्या यादीत नाहीत". आता काय?

सातपुडा
आता माझं ऐका. रस्ता कोणाच्या नावावर आहे ते माहितीच्या अधिकारात मागा.

जुनावायरमन
या वेळी सातपुडांचं बरोबर आहे. पण अर्ज विद्युत विभागात देऊ नका, नगररचना विभागात द्या. सर्व्हे नंबर लिहा आणि तीन गोष्टी मागा: मंजूर रेखांकनाची प्रत, अंतर्गत रस्ता ताब्यात घेतल्याचा कागद, आणि घेतला नसेल तर त्याबाबत झालेला पत्रव्यवहार. सर्व्हे नंबर बाबांच्या खरेदीखतावर मिळेल. तोवर अंगणवेल म्हणतात तसा एक सौरदिवा तुमच्या फाटकावर लावा, स्वतःच्या भिंतीवर. खांबावर नको.

अंगणवेल
दिवा लावताना तोंड रस्त्याकडे आणि थोडं खाली ठेवा, येणाऱ्याच्या डोळ्यावर नको. बाबांचे डोळेही नाजूक आहेत सध्या. आणि गुरुवारी भजनाला जाणाऱ्या आणखी कोण बायका आहेत ते आईंना विचारा. आमच्याकडे चौघी एकमेकींच्या फाटकाशी थांबतात आणि मग पुढे जातात.

रानजाई
खरेदीखत कपाटातून काढायला सांगितलं आहे. भाऊ मंगळवारी नगररचनेत जाईल. आणि भजनाच्या देशपांडेकाकू येत्या गुरुवारी आईला घ्यायला येणार आहेत, आजच ठरलं.