‘कॅसल’ला मराठीत काय म्हणावं? किल्ला, गढी की कोट?

वेल्सवारी:
उत्तर वेल्समधल्या कॉन्वी कॅसलवर मराठीत प्रवासवर्णन लिहितेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. ‘किल्ला’ म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला घामाघूम करणारी चढण आणि टाक्यातलं पाणी आठवतं. हा तर नदीच्या मुखाशी एका खडकावर, गावाला अगदी खेटून उभा आहे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं वेल्स जिंकल्यावर १२८३ मध्ये काम काढलं आणि मोजक्या वर्षांत आठ दांडगे बुरुज उभे केले. ‘राजवाडा’ म्हणवत नाही. ‘कॅसल’ तसंच ठेवलं तर आई म्हणते, मग मराठीत कशाला लिहितेस! आतल्या भागांसाठीही शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर:
गढी म्हणा. कॅसलचं मूळ लॅटिन ‘कास्तेल्लुम’, म्हणजे छोटा कोट. सरदारानं राहायचं तिथेच आणि वेळ आली तर लढायचंही तिथूनच, ही मूळ कल्पना. आपल्या देशमुखांच्या, इनामदारांच्या गढ्या याहून वेगळं काय करत होत्या?

घाटवाट:
सरदाराच्या कॅसलला गढी शोभेल, कॉन्वीला नाही. ते राजानं जिंकलेल्या मुलखावर वचक बसवायला बांधलेलं ठाणं आहे. त्या काळी त्यावर सुमारे पंधरा हजार पौंड ओतले. त्याला गढी म्हटलं तर वाचकाला पांढऱ्या मातीच्या ढासळलेल्या भिंती दिसतील. सरळ किल्ला लिहा. परांडा सपाटीवर आहे, मुरूडचा जंजिरा पाण्यात आहे, दोन्हींना किल्ला म्हणताना आपण कुठे अडखळतो? ‘गड’ मात्र नको, त्याला डोंगर लागतो.

भागांचं म्हणाल तर तटावरून चालायची वाट ती फांजी. तटाच्या माथ्यावरचे दाते म्हणजे चर्या. कॉन्वीच्या चर्यांवर दगडाचे छोटे कळस होते, काही अजून टिकलेत, मान वर करून बघायला विसरू नका. पहारेकऱ्यांच्या जागेला देवडी, भिंतीतल्या संडासाला शौचकूप. तिथल्या गावच्या तटाला तर ओळीनं बारा शौचकूप बाहेर काढलेले आहेत.

वेल्सवारी:
फांजी! हाच शब्द हवा होता. पण बाण मारायच्या त्या उभ्या फटींना जंग्या म्हणावं का?

घाटवाट:
म्हणा, पण एक वाक्य जोडा. आपल्या जंग्या बंदुकीच्या, म्हणून पुष्कळदा खाली उतरत्या असतात. तिथल्या धनुष्यबाणाच्या. बाहेरून नुसती अरुंद उभी चीर दिसते, आतून मात्र भिंत दोन्ही बाजूंना फाकवलेली, तिरंदाजाला डावीउजवीकडे सरकता यावं म्हणून.

माजघर:
बुरुजांच्या नावांचं भाषांतर करणार असाल तर ‘किचन टॉवर’ला स्वयंपाकघराचा बुरुज करू नका हो. राजाचं स्वयंपाकघर म्हणजे मुदपाकखाना. ‘बेकहाउस टॉवर’ भटारखान्याचा बुरुज. ‘ग्रेट हॉल’ला काय म्हणाल? सदर?

बोरूबहाद्दर:
सदरेवर कारभार चालतो, पंगत बसत नाही. त्या दालनात दोन्ही चालायचं, म्हणून ‘मोठा दिवाणखाना’ बरा. आणि आतल्या चौकाला, जिथे राजाराणीची दालनं होती, बालेकिल्ला म्हणायला हरकत नाही. ‘बाला’ म्हणजे वरचा हे खरं, पण शेवटपर्यंत लढवायची जागा हा अर्थ तिथे बसतो. लंडनच्या व्हाइट टॉवरला मात्र बालेकिल्ला म्हणू नये. ती एकच इमारत आहे, आणि बालेकिल्ला हा भाग असतो.

घाटवाट:
हे पटलं. वरून खाली सोडायच्या जाळीच्या दरवाजाला आपल्याकडे शब्द नाही, कारण वस्तूच नाही. आपण वळणावळणाची वाट, अणकुचीदार खिळ्यांचे दरवाजे आणि अडसर यांवर भागवलं. तिथे ‘सरकता जाळीदरवाजा’ असं सरळ सांगून मोकळं व्हा.

माजघर:
एक राहिलंच. किल्ल्याला जोडून गावाभोवती सव्वा किलोमीटरहून लांब तट आहे, एकवीस बुरुजांचा. त्याला ‘शहराची संरक्षक भिंत’ वगैरे लिहिलंत तर मी वाचणार नाही. ते गावकूस. आणि त्यातले दरवाजे म्हणजे वेशी. ‘मिल गेट’ ही गिरणी वेस. पुण्यामुंबईकडे वेस आता फक्त म्हणीत उरली असली तरी सोलापूर-नगरकडे रोजच्या पत्त्यात आहे.

वेल्सवारी:
शेवटचा प्रश्न. १४०१ च्या गुड फ्रायडेला पहारेकरी प्रार्थनेला गेले असताना वेल्सच्या बंडातले लोक सुतार बनून आत शिरले आणि किल्लाच घेतला. याला फितुरी म्हणू की गनिमी कावा?

बोरूबहाद्दर:
फितुरी नव्हे, फितूर आतला असतो. गनिमी कावा ही लढण्याची पद्धत झाली. हा नुसता कावा. ते करणारे रिस आणि ग्विलिम हे भाऊ ट्यूडर राजांच्या पूर्वजांच्या घराण्यातले, एवढी टीप मात्र द्या.