हे शक्यच नाही, तरी परत लाव! युद्धातल्या अचाट मोहिमांचे सिनेमे: तुमचे अनुभव

केबल कारचा सीन आला की मी पाय वर घेऊन बसतो. 'व्हेअर ईगल्स डेअर' किती वेळा बघितला ते मोजणं कधीच सोडून दिलंय, पण रिचर्ड बर्टन त्या बर्फाने गुळगुळीत झालेल्या छपरावर रांगायला लागला की पाय आपोआप वर जातात, जशी काही दरी माझ्याच सोफ्याखाली आहे.

असं मिशन कधी झालेलं नाही हे मला पक्कं माहितीय. जर्मनांच्या कैदेतल्या एका जनरलला सोडवायला म्हणून सात जण जर्मन गणवेश घालून विमानातून उड्या मारतात, शत्रूच्या सैनिकांनी भरलेल्या गुत्त्यात निवांत बियर पीत बसतात, ज्या किल्ल्यात फक्त केबल कारने जाता येतं त्यात शिरतात, पाठीवरच्या पिशवीतली स्फोटकं कधी संपत नाहीत, आणि किल्ल्याच्या अंगणात चक्क हेलिकॉप्टर उतरतं, तेही अशा मॉडेलचं जे महायुद्ध संपल्यावर आलं. हे सगळं कळूनसुद्धा अडीच तास मी जागचा हलत नाही. का? गेली कित्येक वर्षं हा प्रश्न डोक्यात आहे म्हणून हा धागा.

कुठला सिनेमा, कोणाबरोबर बघितला, कुठल्या सीनला अजून काटा येतो ते लिहा. खरंखोटं यावर वाद नको, खोटं आहे हे आपण सगळे धरूनच चाललोय. सविस्तर लिहा, घाई नाही.

*

माझा 'गन्स ऑफ नॅव्हरोन', बेटावरच्या जर्मन तोफा उडवायला गेलेल्या टोळीचा, आणि तो बाबांचा.

बाबा मशीनवर काम करणारा माणूस. त्यांना ग्रेगरी पेकचं फार कौतुक नव्हतं, त्यांचा हिरो डेव्हिड निव्हन, म्हणजे स्फोटकांचा एक्स्पर्ट मिलर. शेवटाकडे एक प्रसंग आहे. मिलर तोफांपाशी काही स्फोटकं मुद्दाम सापडतील अशी ठेवतो, पण खरी ठेवतो तोफगोळे वर आणणाऱ्या लिफ्टच्या खाली, आणि वायरी अशा जोडतो की लिफ्टचं चाक खाली येऊन टेकलं की सर्किट पूर्ण. मग लिफ्ट खाली येते. चाक वायरीच्या जरासं वर थांबतं. परत वर जातं. तोफा धडाडतात, समोर जहाजं. परत लिफ्ट खाली, परत थोडक्यात थांबतं.

हा सीन आला की बाबा खुर्चीच्या कडेवर यायचे आणि म्हणायचे, "आता बघ हां, माणसं सगळी गेली तिथून, आता फक्त जोडणी बरोबर असली पाहिजे." मी आठ-नऊ वर्षांची असेन, तेव्हा तोफा उडतात यातच मजा होती. पुढे मी स्वतः इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनलचं काम करायला लागले आणि पहिल्यांदा माझं पॅनल साइटवर चालू व्हायचं होतं तेव्हा मी लांब उभी राहून बघत होते आणि बाबांचं तेच वाक्य कानात. तुझं काम झालंय, तू तिथे नाहीस, आता फक्त जोडणी बरोबर असली पाहिजे. माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. कथा अशक्य असेल पण त्यातली माणसं आपलं काम इतक्या मन लावून करतात की त्या कामावर विश्वास बसतो.

*

हेच लिहायला आलो होतो. प्रत्येकाला एकेक काम येतं, एक डोंगर चढतो, एक भाषा बोलतो, एक कुलपं उघडतो, आणि एकाला जमलं नाही की सगळे अडकतात. सुपरहिरो एकटा सगळं करतो म्हणून मला तो तेवढा धरून ठेवत नाही.

*

आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होते, सिग्नलमध्ये. फोनच्या तारा टाकायचं काम. युद्धाबद्दल घरात एक शब्द बोलत नसत. आम्ही नातवंडं विचारायचो, किती जणांना मारलं, ते उठून बाहेर जायचे. पण हे सिनेमे लागले की येऊन बसायचे आणि शेवटपर्यंत बसायचे.

मला तेव्हा हे कोडंच वाटायचं, ज्याने खरं बघितलंय त्याला हे कसं चालतं? एकदाच बोलले. डोंगर चढून आलेली टोळी पडद्यावर होती आणि आजोबा हळूच म्हणाले, "यांचे पाय ओले नाहीत." मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाले, "आमचे चार महिने कोरडे झाले नाहीत." आणि परत सिनेमा बघायला लागले. टीका म्हणून नव्हते म्हणाले. मला आता वाटतं की ज्या युद्धात पाय ओले नाहीत, चिखल नाही, जखमी मित्राला मागे ठेवावं लागलं तरी त्याचं शेवटी काहीतरी होतं, असं युद्ध त्यांना बघायचं होतं. त्यांच्या वाट्याला आलं ते त्यांना पुरेसं माहीत होतं.

नंतर वाचताना कळलं की हे सिनेमे करणाऱ्यांत खूप जण स्वतः युद्धातून आलेले. 'नॅव्हरोन' आणि 'ईगल्स डेअर' लिहिणारा अ‍ॅलिस्टर मॅक्लिन रॉयल नेव्हीत होता, आर्क्टिकच्या काफिल्यांवर. 'डर्टी डझन'चा ली मार्विन मरीन्समध्ये होता, १९४४ साली सायपानला जखमी झाला. 'ग्रेट एस्केप'मध्ये ज्याची नजर जाते तो बनावट कागदपत्रं करणारा, डोनाल्ड प्लेझन्स, तो ब्रिटिश हवाई दलात होता, त्याचं विमान पाडलं गेलं आणि तो खरोखर जर्मन कैदेत राहिला होता. या लोकांना खरं काय ते ठाऊक असूनही त्यांनी असल्या गोष्टी रचल्या. आजोबांचं बसणं मला तेव्हापासून वेगळं दिसायला लागलं.

*

'ओले पाय' वाचून थांबलो थोडा वेळ.

*

मी इतिहास वाचणारा आहे त्यामुळे थोडी वेगळी बाजू. नॅव्हरोन नावाचं बेट नाही. तिथल्या त्या तोफा नाहीत. १९४३ च्या शरद ऋतूत एजियन समुद्रातल्या लेरॉस वगैरे बेटांवर ब्रिटिश सैन्य अडकलं होतं हे खरं, पण तिथे कोणी कडा चढून आलं नाही, नोव्हेंबरात लेरॉस जर्मनांनी घेतलं. म्हणजे सिनेमात सुटका होते, प्रत्यक्षात झाली नव्हती.

पण मंडळी, खऱ्या मोहिमाही काही कमी अचाट नव्हत्या. नॉर्वेतला वेमोर्कचा कारखाना घ्या, जर्मन अणुसंशोधनाला लागणारं जड पाणी तिथे तयार व्हायचं. फेब्रुवारी १९४३, रात्री नऊ नॉर्वेजियन तरुण खोल घळीत उतरले, गोठलेली नदी ओलांडली, समोरचा कडा चढले आणि रेल्वेच्या रुळांवरून कारखान्यापर्यंत पोचले. एक गोळी झाडली नाही. आणि यातला एक तपशील कुठल्या पटकथाकाराला सुचला नसता. स्फोटकं लावून झाली, वात पेटवायची, तेवढ्यात आतला रखवालदार, तोही नॉर्वेजियनच, म्हणाला माझा चष्मा कुठेतरी राहिलाय, युद्धाच्या काळात दुसरा मिळणार नाही. आणि हे लोक चष्मा शोधत बसले! बाहेर जर्मन पहारा, आत टाकीखाली स्फोटकं, हातात काडी. चष्मा सापडला, मग वात पेटवली. नऊच्या नऊ जण सुटले, त्यातले पाच जण स्कीवरून साधारण ४०० किलोमीटर कापत स्वीडनला गेले.

किंवा मार्च १९४२ चा सेंट नझेर. ब्रिटिशांनी एक जुनी विनाशिका जर्मन जहाजासारखी दिसेल अशी बदलली, पुढच्या भागात स्फोटकं भरली आणि सरळ फ्रान्समधल्या गोदीच्या दरवाजावर नेऊन आदळली. स्फोट झाला तो कित्येक तासांनी, दुसऱ्या दिवशी. पण तिथे गेलेल्यांपैकी दीडशेहून जास्त मारले गेले, हेही सांगायला हवं.

त्यामुळे मला सिनेमे बघताना 'हे अशक्य' असं पूर्ण म्हणवत नाही. अशक्य वाटतं ते नशीब, एवढ्या वेळा एवढं नशीब. धाडस अशक्य नव्हतं.

*

धागाकर्ता: चष्म्याची गोष्ट मला माहीत नव्हती. दोनदा वाचली.

ईगल्स डेअरबद्दल एक राहिलं, तो किल्ला खरा आहे, ऑस्ट्रियातला होहेनवेर्फेन. आणि मॅक्लिनने आधी कादंबरी लिहून मग सिनेमा झाला असं नाही, पटकथा थेट सिनेमासाठी लिहिली होती. मला वाटतं म्हणूनच तो इतका पळतो.

*

मला हा धागा आवडतोय पण एक बोलायचंय, रागावू नका. 'ग्रेट एस्केप' माझा लहानपणचा सर्वात लाडका सिनेमा. स्टीव्ह मॅक्वीनची मोटरसायकल, तारेच्या कुंपणावरून उडी (ती उडी त्याने नाही, बड एकिन्स नावाच्या त्याच्या मित्राने मारली, तरी काय फरक पडतो). भिंतीवर पोस्टर होतं. कॉलेजात असताना खरी हकिगत वाचली. मार्च १९४४, श्टालाग लुफ्ट ३ ही जर्मनांची युद्धकैद्यांची छावणी, ७६ जण बोगद्यातून बाहेर पडले, ७३ पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. तिघंच घरी पोचले. मोटरसायकल नव्हतीच. सिनेमात ते पन्नास आहेत, लपवलेलं नाही, पण माझ्या लक्षात राहिली होती शिट्टीवर वाजवावी अशी ती धून आणि मॅक्वीनचा चेंडू.

पोस्टर काढून टाकलं. चारेक वर्षं बघितला नाही.

मग परत बघितला आणि या वेळी नजर गेली मातीकडे. खालची माती पिवळी, वरची करडी, त्यामुळे बाहेर टाकली की लगेच दिसणार. म्हणून पँटीच्या आत लांब पिशव्या, खिशातून दोरी ओढली की खालची पिन निघते, माती पायाशी सांडते आणि हा बुटाने मिसळत मिसळत चालत राहतो. हे खरं आहे, असंच करायचे. पलंगाच्या हजारो फळ्या बोगद्याला आधार द्यायला, दुधाच्या पावडरचे डबे एकाला एक जोडून हवेचा पाइप. मोटरसायकल खोटी पण ती माती खरी. आता मी तो मातीसाठी बघते. पोस्टर परत नाही लावलं.

*

रागवायचं काय त्यात, उलट बरं झालं लिहिलंत. मला स्वतःला 'ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' परत बघता येत नाही याच कारणाने. जपान्यांनी बांधून घेतलेल्या त्या खऱ्या थायलंड-ब्रह्मदेश रेल्वेवर बारा हजारांच्या वर युद्धकैदी गेले आणि आशियातले मजूर त्याच्या कित्येक पट, ते मजूर तर सिनेमात जवळपास नाहीतच. सिनेमा म्हणून थोर आहे. पण जिथे खरी जागा, खरी माणसं आहेत तिथे मला अचाटपणा नको होतो, आणि जिथे बेटच काल्पनिक तिथे हवा तेवढा चालतो. हा माझा नियम.

*

संगीत!! कोणीच कसं लिहिलं नाही? ईगल्स डेअरची सुरुवात, पडदा काळा, मग बर्फाचे डोंगर, आणि फक्त ड्रम, संगीतकार रॉन गुडविनचा. विमान लांबून ठिपक्यासारखं येतंय आणि तो ड्रम वाढत जातो. मी परीक्षेला निघताना हे ऐकायचो, अजून मोठ्या मीटिंगच्या आधी ऐकतो. बास एवढंच.

*

मुलगा बारा वर्षांचा. त्याला हल्लीच्या अ‍ॅक्शनची सवय, दर दोन मिनिटांनी काहीतरी फुटलं पाहिजे. त्याला ईगल्स डेअर दाखवायला बसवला तेव्हा मनात धाकधूक होती की हा अर्ध्या तासात मोबाइल काढणार. पहिल्या भागात दोनदा काढलाही.

मग तो हॉलमधला सीन आला. मोठं टेबल, शेकोटी, जर्मन अधिकारी, आणि बर्टन शांतपणे बसून सांगतो की मी तुमच्याच बाजूचा. त्याआधी तो त्यांच्या बाजूचा नव्हता. त्यानंतर परत नाही. टोळीतल्याच तिघांना वह्या दिल्या जातात, हेरांची नावं लिहा म्हणून, ते लिहितात, आता बर्टनच्या वहीशी ताडून बघायचं. आणि त्याची वही उघडली तर कोरी.

मुलगा उठून उभा राहिला. "आई थांबव, थांबव. मग हा खरा कोणाचा?" मी थांबवलं. त्याने सोफ्याभोवती एक चक्कर मारली, पहिल्यापासून कोण काय म्हणालं ते स्वतःशीच बडबडत, आणि म्हणाला, "म्हणजे नावं मिळवायलाच आले होते सगळे! जनरल वगैरे बहाणाच!" त्या दहा मिनिटांत एक स्फोट नाही, फक्त बोलणं. नंतरचा सगळा धूमधडाका त्याने पाहिला पण दुसऱ्या दिवशी मित्राला फोनवर सांगत होता ते वहीचं.

आणि अजून एक, त्याने विचारलं की ती मेरी इतकी छान बंदूक चालवते तर ती जास्त वेळ का नाही दिसत. बरोबर विचारलं. नॅव्हरोनच्या तर मूळ कादंबरीत त्या टोळीबरोबर बाई नाहीच, त्या दोघी सिनेमात आल्या, आणि शेवटी टोळीतल्या फितुराला मारायला सगळे पुरुष घुटमळतात तेव्हा गोळी झाडते ती इरीन पापास. तो सीन मला तोफांपेक्षा मोठा वाटतो.

*

उशिरा लिहितोय, सगळं वाचून काढलं.

मी आणि मोठा भाऊ. आमच्याकडे ईगल्स डेअरची कॅसेट होती, मधे एका ठिकाणी पट्टी खराब, तिथे दहा-बारा सेकंद नुसत्या रेघा. आम्हाला ती जागा पाठ होती, रेघा आल्या की आम्ही दोघं तेवढे संवाद तोंडाने म्हणायचो आणि चित्र परत आलं की बरोबर त्याच शब्दावर यायचो. पुढे डीव्हीडी आली, तिथलं चित्र स्वच्छ दिसलं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटलं.

दादा नोकरीसाठी लांब गेला. तेव्हापासून आमचा फोन हॅलोने कधी सुरू झाला नाही. जो फोन करेल त्याने सिनेमातली वायरलेसवरची हाक म्हणायची, "ब्रॉडस्वर्ड कॉलिंग डॅनी बॉय", दुसऱ्याने आवाज ओळखून बोलायला लागायचं. वीस वर्षं हे चालू आहे, आमच्या बायकांना सवय झालीय.

मागच्या वर्षी दादाचं हृदयाचं ऑपरेशन झालं, मोठं. मी पोचलो तेव्हा त्याला आत नेलं होतं. वहिनी आणि मी बाहेर, बोलायला काही नाही. दोन दिवस तो शुद्धीत नीट नव्हता, नळी होती, ओळखत होता की नाही तेही समजेना. तिसऱ्या दिवशी नळी काढली, मला पाच मिनिटं आत सोडलं. डोळे मिटलेले. मी काय बोलणार, तोंडातून तेच आलं, अगदी हळू, ब्रॉडस्वर्ड कॉलिंग डॅनी बॉय.

बराच वेळ काहीच नाही. मग डोळे न उघडता, घसा बसलेला, म्हणाला, "रेघा आल्या होत्या रे मधे."