डोक्याला मार बसल्यानंतरचे घर: आपले अनुभव लिहावेत

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. या जखमींपैकी किती जण मेंदूला मार बसून घरी परतले आणि परतल्यावर पूर्वीचेच राहिले का, हे त्या आकड्यावरून समजत नाही. नागपुरातल्या अशा घरांनी इथे लिहावे, ही विनंती.

इतवारीहून

माझे यजमान धान्याच्या दुकानात हिशेब पाहत. २०१९ च्या पावसाळ्यात कामठी रोडवर त्यांची दुचाकी घसरली, तेव्हा हेल्मेट आरशाला अडकवलेले होते. शुद्धी मोजायच्या ग्लासगो मापनात त्यांना १५ पैकी ७ गुण होते. ८ किंवा त्याखाली म्हणजे गंभीर, हे मला त्या रात्री कळले. ते वाचले. मात्र ज्यांना पन्नास गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ असे, तेच आता चहात साखर घातली का हे विचारायला तीनदा स्वयंपाकघरात येतात. कपाळामागचा भाग दुखावला की राग आवरत नाही, असे डॉक्टरांनी समजावले होते; समोरून ताट भिरकावले जाते तेव्हा ते समजावणे उपयोगी पडत नाही. वासही गेला आहे. दूध करपून पातेले काळे झाले, तरी ते शेजारीच बसून पेपर वाचत होते. हातपाय धड असल्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्राच्या खिडकीवर ‘यांना झालंय काय?’ असे विचारले गेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत या दुखापतीचे वेगळे नाव नाही, म्हणून कोणता रकाना भरायचा यातच तीन फेऱ्या गेल्या. त्यांना एकटे सोडता येत नसल्याने माझी नोकरीही सुटली.

महालातून

आई न्हाणीघरात घसरली. साधे टेंगूळ आले. ती रक्त पातळ ठेवायची गोळी घेत असे. तीन आठवड्यांनी पदर खांद्यावरून सारखा निसटू लागला, शब्द अडखळू लागले, आणि आम्ही वयाला दोष देत राहिलो. कवटीखाली हळूहळू रक्त साचले होते. छिद्र पाडून ते काढल्यावर आई आठवड्याभरात चालू लागली.

हिंगणा रोडवरून

संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजा गळ्याशी आला, मी ब्रेक दाबला आणि डोक्यावर आपटलो. स्कॅन स्वच्छ होता, तरी वर्षभर मला सलग दोन पाने वाचवत नव्हती. इतवारीच्या ताई, राग येतो तेव्हा तो आम्हालाही उशिराच कळतो. आमच्या ओट्यावर एक पाटी आहे. साखर घातली की बायको तिच्यावर खूण करते. मी ती पाहतो आणि काही न विचारता परत फिरतो.